मृगाच्या आधी विकायचे प्लॉट

माठावरची पितळी झाकणी घसरली आणि फरशीवर गरगरत राहिली. आरशासमोर उभी राहून ओठांतल्या ओठांत बोलणारी उत्तरा दचकून वळली. "तीस फुटी रोड, पन्नास पावलांवर विहीर, पुढच्या वर्षी लाइट," इथवर आली होती ती. पाच वर्षांची तारा पेला हातात धरून माठापाशी उभी होती, टक्क जागी.

झालं. पोर झोपेत असतानाच निघायचं होतं. सासूबाई खाप्याला गेलेल्या, नवरा श्रीधर हिंगण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून आठला यायचा, तेवढा वेळ शेजारच्या इंदूबाई कानोसा घेणार होत्या. पण जागी झालेली तारा आईशिवाय कुणाकडे थांबणारी नव्हती. उत्तरानं ओल्या हातानं तिचे केस चापले, दोन वेण्या घातल्या, डोळ्यांतली झोप पदरानं टिपली.

"चल. पण तिथं मधेमधे बोलायचं नाही हं, राणी."

प्लॉट विकायला लागून तिला तीनच रविवार झाले होते. चोविशीतली, लग्नानंतर बाहेरून बी.ए. झालेली. घरात कामाला तोटा नव्हता, पण पोळ्या लाटतानाही तिचे पाय चुळबुळत. फाइल काखेत मारून प्लॉट पाडलेल्या ले-आऊटवर उभं राहिलं, फक्कीच्या पांढऱ्या रेषांवरून चालत कुणाला तरी "हे तुमचं दार" असं म्हटलं, की मगच ते पाय जरा ठिकाणावर येत.

ले-आऊटचे मालक भैयाजी गेल्या रविवारी पान चघळत म्हणाले होते, "बाईमाणसाच्या बोलण्यावर लोकं इमान ठेवते, म्हणून तुले घेतलं. अन् तू नुसती उन्हात फिरून राहिली. पुढच्या खेपेले एक तरी बयाणा आण, नाहीतर घरीच बस, बाई."

शिकवलंही त्यांनीच होतं. शेती करणारा कास्तकार आला तर त्याला माती दाखवायची नाही, नकाशा दाखवायचा. आणि सतरा नंबरच्या पुढचे सगळे प्लॉट मृगाच्या आधी निघाले पाहिजेत.

"काहून?" तिनं विचारलं होतं.

"तू एजंट होय का वकील?"

सगळे हसले होते. तीही हसली होती. पुन्हा विचारलं नव्हतं.

बर्डीवरून निघालेला मेटाडोर ले-आऊटवर पोचला तेव्हा नऊ वाजायचे होते आणि ऊन पाठीला चटके देत होतं. गिऱ्हाइकं पांगली. उत्तराच्या वाट्याला आल्या प्रयागबाई, उमरेडच्या शाळेतल्या चपराशीण. पहाटेची एसटी धरून एकट्या आल्या होत्या. डोक्यावर दुपट्टा, हातात छत्री, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"मले सारं धुरावानी दिसते वं," त्या म्हणाल्या. "तू पाह्य अन् सांग. मी ऐकते."

उत्तरानं अर्धवट उघडलेला नकाशा परत मिटला. मग उगाच पुन्हा उघडला.

एकोणीस नंबर. तिनं त्यांचा हात धरून चारी कोपऱ्यांच्या दगडांना लावला. रोड सांगितला, विहीर सांगितली, लाइट सांगितले. स्वतःचाच आवाज तिला गोड लागायला लागला.

"भावाच्या घरी तीस वर्सं काढली," प्रयागबाई मधेच म्हणाल्या. "भावजय वाईट नाही. पण चूल तिची. मले म्हणते, बाई, मीठ जास्त झालं. मी म्हणते, बाप्पा, एकदा आपल्या चुलीवर खारट भाजी करून खाईन अन् कोणाले सांगणार नाही."

उत्तरा मनापासून हसली. "इथं चूल होईल तुमची. पूर्वेला."

"अन् दाराशी चाफा. पाणी लागीन ना जवळ?"

"लागेल की."

बोलता बोलता तिच्या टाचेखाली काहीतरी कुरकुर फुटलं. तिनं खाली पाहिलं. काळ्या मातीच्या भेगेत पांढरं, पोकळ, शंखासारखं. तिनं पाय उचलला नाही. उलट ते झाकायला थोडा पुढे सरकवला, आणि लाइटचं पुन्हा एकदा सांगितलं.

प्रयागबाई खाली बसल्या. कमरेच्या पिशवीतून बयाण्याच्या पैशांची रुमालाची गाठ काढून सोडायला लागल्या. मेटाडोरच्या सावलीत भैयाजींनी मान वर केली. आता पुढचा रविवार उत्तराचाच. तिच्या नावाचं कार्ड छापलं जाईल. उत्तरा, प्लॉट एजंट.

तेवढ्यात तारा धावत आली. इतका वेळ ती शहाण्यासारखी गप्प खेळत होती. फ्रॉकची ओटी भरलेली.

"आजी, हात करा. तुमच्या घरात सापडले."

प्रयागबाईंनी कौतुकानं ओंजळ पुढे केली. तारानं सगळे शंख त्यात ओतले. म्हातारीनं एक अंगठ्यानं चाचपला. दुसरा. मग तिसरा नखावर वाजवून पाहिला.

"गोगलगायीचे होय," त्या हळू म्हणाल्या. "आमच्या धानाच्या बांधीत राह्यते. गुडघाभर पाणी महिनाभर उभं राह्यलं, तवाच एवढे मोठे होते."

त्यांनी शंख जमिनीवर ठेवले, सांडले नाहीत, आणि रुमालाची गाठ पुन्हा मारली. दातानं घट्ट केली. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी हात पुढे केला. "मले मोटरपर्यंत ने, पोरी. एकटीनं वाट दिसत नाही."

उत्तरानं तो हात धरला. दुसऱ्या हातात ताराचा, मातीनं माखलेला. तिघी रेषा ओलांडत निघाल्या. भैयाजी उभे राहिले होते, कमरेवर हात. तारा दहाएक पावलं मुकाट चालली. मग तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा मागे पांढऱ्या ढिगाकडे पाहिलं.

"आई, तुला माहीत होतं?"