निळ्या बोटांचा जोड

युद्ध सुरू झाल्यापासून शाळेतल्या मुली सैनिकांसाठी मोजे विणत होत्या. चिमणीची राखाडी लोकर टाचेपाशीच संपली, म्हणून तिने आईची निळी शाल उसवून बोटांकडचा भाग पुरा केला. तसा जोड अख्ख्या गावात दुसरा नव्हता.

मग आघाडीवरून दादाचं पत्र आलं. "मोजे कसले पाठवताय? पेट्यांत नुसता पेंढा निघतो. पाय फुटलेत."

चिमणीचं डोकंच फिरलं. तिने काकाला गाठलं. काका स्टेशनच्या गोदामात पेट्यांना खिळे ठोकायचा. "आपण दोघं चोर पकडू," तो म्हणाला. तीन दुपारी दोघं कोळशाच्या ढिगाआड दबा धरून बसली. "तो गाडीवान बघ, पेट्यांवर कसा डोळा ठेवून असतो," काका कुजबुजला. चिमणीला तेवढं पुरलं. तिने फौजदारासमोर गाडीवानाकडे बोट दाखवलं. त्याला धरून नेलं, तेव्हा काकाने तिची पाठ थोपटली.

आज काका चिखलाचे बूट काढायला दारात बसला. बुटातून आधी राखाडी टाच निघाली, मग निळी बोटं.

"अगं, गोदामात गारठा किती असतो," काका हसत म्हणाला. "एकच तर जोड घेतला."

"आणि बाकीच्या पेट्यांत पेंढा कुणी भरला?"

काकाचं हसू विरलं. "घरातली गोष्ट घरातच राहू दे, चिमणे."

परवाची ती शाबासकी चिमणीच्या पाठीवर आता चटक्यासारखी झोंबली. तिने पायांत चपला सरकवल्या.

"गाडीवानालाही घर आहे," ती म्हणाली, आणि चौकीकडे धावत सुटली.