काटेसाहेबांचं वजन आणि माझं कपाळ

मित्रांनो, माझ्यावर पैज लागली तेव्हा मी तिथेच उभी होते. पण मला विचारतंय कोण!

मी एक जुनी कॅम्पर गाडी आहे. म्हणजे पुढे गाडी आणि मागे घर. दोन पलंग, एक शेगडी, एक बेसिन आणि एक संडास. संडास एवढासा, की आत गेल्यावर पाठ वळवायची असेल तर आधी बाहेर यावं लागतं. ड्रायव्हरच्या डोक्यावर माझं कपाळ पुढे आलेलं आहे आणि त्याच्या आत तिसरा पलंग आहे. या कपाळानं पुढे काय गोंधळ घातला ते सांगतेच. आधी पैज.

शनिवारची दुपार होती. माझे मालक, टेलरमास्तर, माझी काच पुसत होते. तेवढ्यात शेजारचे काटेसाहेब चहाचा कप घेऊन आले आणि माझ्या पायरीवर बसले. काटेसाहेब हे त्यांचं टोपणनाव. तीस वर्षं ते ट्रक मोजायच्या वजनकाट्यावर नोकरीला होते, म्हणून. ते बसले आणि मी 'कर्र' करून दोन बोटं खाली गेले.

"कुठं निघाली स्वारी?"

"तळ्यावर. पुढच्या शनिवारी. जागा बुक झालीय, चौदा नंबर, अगदी पाण्याला लागून."

"छान. आणि जाणार कशात?"

मास्तरांनी अभिमानानं माझ्या पत्र्यावर थाप मारली. काटेसाहेबांच्या नाकातून चहा बाहेर आला.

"अहो मास्तर, ट्रक फाटकातून वळला की मी न मोजता वजन सांगायचो. माझी नजर म्हणजे काटा. हिचे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसलेत, पाटे! मी नुसता टेकलो तर ही वाकली. ही तळ्याला पोचली ना, तर तुम्ही म्हणाल ते करीन."

"मी म्हणेन ते?" आतून आवाज आला. मास्तरांच्या बायकोचा. गल्ली तिला बाई म्हणते. ती बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर बसते. अकरा वर्षं तिनं तळ्याची तिकिटं दुसऱ्यांना दिली, स्वतः एकदाही गेली नाही.

"वहिनी, माणूस शब्दाचा पक्का आहे," काटेसाहेब म्हणाले. "पण अटी माझ्या. संध्याकाळी सहाला तळ्याचं फाटक बंद होतं. त्याच्या आत ही आत गेली पाहिजे. स्वतःच्या इंजिनावर. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. नाही पोचली, तर सोमवारी भंगारवाला बोलवायचा, आणि ही जागा माझ्या मोटारीला."

मास्तरांचा फडक्याचा हात थांबला. माझंही इंजिन गार पडलं. तसं ते गारच होतं म्हणा.

बाई दारात आली. "कबूल. आणि पोचली, तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा पोती मोजायचा काटा आहे ना, त्याच्यावर चढायचं आणि स्वतःचं वजन मोठ्यानं वाचायचं. तीनदा. भर चौकात."

गल्लीत धडाधड खिडक्या उघडल्या. कारण सगळ्या जगाचं वजन सांगणाऱ्या काटेसाहेबांचं वजन कुणालाच माहीत नव्हतं. दवाखान्यातसुद्धा ते "अंदाजे लिहा" म्हणायचे. पण आता गल्लीतली चार डोकी खिडक्यांतून बाहेर आली होती. माघार कशी घेणार?

"कबूल," ते म्हणाले आणि उठले. मी दोन बोटं वर आले. जाता जाता मी छताच्या पन्हाळीत साठलेलं पाणी नेमकं त्यांच्या मानेवर सोडलं. ही माझी जुनी खोड आहे. सहा वर्षं उभं राहून दुसरी करमणूक तरी काय होती?

हो, सहा वर्षं! माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. खाली ट्रकची चौकट, वर लाकूड-पत्र्याचं घर, आणि रंग दुधाच्या सायीसारखा. पहिले मालक संगीताचे मास्तर आणि त्यांची बायको. बारा उन्हाळे त्यांनी मला डोंगरात, जंगलात, नदीकाठी नेलं. कुठे थांबले की लोक यायचे, आत डोकावायचे, "अगंबाई, शेगडीसुद्धा आहे!" म्हणायचे. मी मुद्दाम कपाटाचं दार धाडकन उघडून त्यांना दचकवायची. कौतुक असं असतं मित्रांनो, चढतं ते.

मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि मी टेलरमास्तरांकडे आले. मास्तरांनी बाईला वचन दिलं होतं, 'या वर्षी तळं.' त्या वर्षी लग्नाचे कपडे आले. पुढच्या वर्षी शाळेचे गणवेश. तिसऱ्या वर्षी दुकानात जागा पुरेना, म्हणून कापडाचे तागे माझ्या पलंगावर झोपले. शेगडीवर रिळांचा डबा, बेसिनमध्ये बटणं. संडासात एक पुतळा उभा होता, कोट घातलेला. तेव्हापासून बिचारा आत होता, कुणी कडी वाजवायलाही नाही. बाहेर माझा रंग उडाला, चाकांखाली गवत उगवलं. फक्त पडदे मात्र माझे आठ वेळा नवे झाले. टेलरची गाडी ना!

या वर्षी मात्र बाईनं विचारलंच नाही. आधी जागा बुक केली आणि मग मास्तरांना सांगितलं. मास्तरांच्या कपडे कापायच्या खाकी कागदावर तिनं सगळं लिहून काढलं. पाण्याची टाकी धुवायची, मग भरायची. घाण पाण्याची टाकी रिकामी करून निघायचं. गॅसची नळी नवी. टायरची हवा. चौदा नंबरला विजेचा खांब आहे, तर वायर लांब पाहिजे. जमीन उताराची आहे, तर चाकाखाली द्यायला लाकडी ठोकळे. बटाटे, अंडी, पाव, चहा. तागे दुकानात. पुतळा माडीवर.

यादीत एक ओळ अशी होती: 'वाटेत रेल्वेपूल. पुलाखाली उंची २ मीटर ९०. आपली मोजणे.'

"माप हे माझं काम," मास्तर म्हणाले. गळ्यातली टेप काढली, शिडी लावली आणि मला पायापासून कपाळापर्यंत मोजलं. टेप दोनदा लावावी लागली. कानावरची पेन्सिल काढून हिशोब केला आणि ओरडले, "दोन सत्त्याऐंशी! तीन सेंटीमीटर सैल. अंगाला छान बसेल."

मित्रांनो, इथेच माशी शिंकली. ती टेप मास्तरांच्या गळ्यात वीस वर्षं होती. गळ्यात लोंबून, ओढून, घामानं भिजून ती ताणली होती. ताणलेल्या टेपवर माप कमी भरतं. मग इतकी वर्षं कुणाची पँट बिघडली कशी नाही? कारण मास्तर गिऱ्हाईकही त्याच टेपनं मोजायचे आणि कापडही त्याच टेपनं. दोन्हीकडे सारखीच चूक, म्हणजे चूकच नाही! पण पूल काही मास्तरांनी शिवलेला नव्हता.

शनिवारी दुपारी तीनला आम्ही निघालो. चौथ्या खेपेला मी सुरू झाले. पहिल्या तीन वेळा मी गंमत करत होते असं समजा. मागून काटेसाहेब आपल्या छोट्या मोटारीत, साक्षीदार म्हणून. शेजारी त्यांची बायको, काटेवहिनी, डोक्यावर उन्हाची टोपी घालून. "पैज तुमची, तळं माझं," म्हणत ती स्वतःहून बसली होती.

रस्ता म्हणाल तर मी झकास धावले. चढावर जरा धापा टाकल्या, उतारावर गाणं म्हटलं. पाच वाजून दहा मिनिटांनी रेल्वेपूल आला. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी भिंती. पुलापलीकडे फाटक फक्त चार किलोमीटर. मास्तर हळूहळू पुढे गेले आणि...

टक्.

बाई उतरली. वर बघितलं. "अहो, हिचं कपाळ दोन बोटं वर आहे."

"शक्यच नाही. मी मोजलंय."

"मग पूल खाली बसला असेल."

मागे काटेसाहेबांची मोटार, तिच्या मागे एक छोटी बस, तिच्या मागे आणखी आठ-दहा गाड्या. वळायला जागा नाही. सगळ्यांनी मागे मागे जायचं म्हटलं तर सहा इथेच वाजणार. बसमधून पोहायला निघालेलं एक पेन्शनर मंडळ उतरलं, गळ्यात टॉवेल.

"टायरची हवा काढा," मास्तर म्हणाले.

"आणि भरणार कशानं? पंप आहे?" बसचा ड्रायव्हर म्हणाला. "माझ्याकडे तर नाही."

कुणाकडेच नव्हता. काटेसाहेब खिशात हात घालून आले. चेहरा असा, की जणू भंगारवाल्याला तिथूनच हाक मारतायत. "मी म्हटलं होतं, ही तळ्याला पोचत नाही. मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. माझी मोटार त्या जागेत नीट मावेल."

मास्तर माझ्या दाराला टेकून उभे राहिले. गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. खरं सांगते, मला तेव्हा गंमत सुचेना. भंगारात आधी दारं काढतात म्हणे.

बाई मात्र माझ्या पायरीकडे बघत होती. मग तिनं काटेसाहेबांकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, आणि बाजूनंसुद्धा.

"गेल्या शनिवारी तुम्ही काय म्हणालात? तुम्ही टेकलात की ही दोन बोटं खाली जाते. पाटे बसलेत."

"हो, मग?"

बाई पेन्शनर मंडळाकडे वळली. डेपोत वापरते तोच आवाज काढला. "चला, तळ्याला जाणारे सगळे आत! पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे!"

बारा पेन्शनर आत. चार पलंगावर, तीन खाली, दोन बेसिनला टेकून, दोघी माझ्या कपाळातल्या पलंगावर आडव्या, आणि एक आजोबा संडासात. माझे पाटे कण्हले. मी खाली, खाली, खाली गेले. बाईनं वरच्या पलंगाची शिडी बाहेर लावून, तिच्यावर चढून खाकी कागद कपाळ आणि पूल यांच्यात सरकवून बघितला. गेला नाही.

"अजून नखभर पाहिजे."

सगळ्यांनी एकदम काटेसाहेबांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?"

"कुठं काय, सहज," मास्तर म्हणाले.

"अहो, मी चढलो तर मी हरतो!"

"ढकलू नका, ओढू नका, या तुमच्या अटी," बाई म्हणाली. "बसू नका असं कुठं होतं?"

काटेसाहेबांनी बायकोकडे बघितलं. आधार मिळेल म्हणून. काटेवहिनीनं टोपी नीट केली. "चढा. बंद फाटक बघायला मी टोपी घालून आले नाही. आणि मोटार मी आणते मागून. मला येते चालवता. गेल्या वर्षीच शिकले, तुम्ही झोपला होतात."

मंडळ आतून ओरडलं, "साहेब, वाफ झालीय इथे, लवकर!"

काटेसाहेबांनी पुलाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. पाच पंचवीस. मग ते चढले. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, बरोबर माझ्या कपाळाखाली बसले. कर्र! बाईनं कागद सरकवला. कागद सुळ्ळकन पलीकडे गेला.

मास्तरांनी मला पहिल्या गिअरमध्ये टाकलं. मी श्वास रोखला. वर 'खर्रर्र' असा आवाज आला, माझ्या कपाळाचा थोडा रंग पुलाला लागला, आणि मी पलीकडे उजेडात आले. मंडळानं टाळ्या वाजवल्या. संडासातले आजोबा विचारत होते, "पोचलो का?"

पाच चाळीसला मी फाटकातून आत गेले. चौदा नंबर. समोर पाणी. बाई उतरली, चपला काढल्या आणि घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. मास्तर ठोकळे लावायचे सोडून तिच्याकडे बघत होते, म्हणून मी ती पूर्ण रात्र थोडी तिरकी झोपले. परत येताना आम्ही लांबच्या रस्त्यानं आलो. पूल नको.

मित्रांनो, तुमच्या दारातही एखादी जुनी गाडी, सायकल, मशीन उभं असेल. तिला कोठार करू नका. आठवड्यातून एकदा सुरू करा, तेल बघा, चाकाखालचं गवत काढा. तिची जी खोड तुम्हाला डोईजड वाटते, तीच एखाद्या दिवशी कामाला येईल, पण त्यासाठी ती भंगारात गेलेली नको. आणि मापाची टेप दर वर्षी नवी घ्या. मास्तरांनी घेतली आहे. आता जुन्या गिऱ्हाइकांची मापं वहीत एक आणि अंगावर दुसरी भरतात, आणि सगळे म्हणतात की मास्तर, तुमच्या टेपमुळे आम्ही जाड झालो.

राहिली पैज. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता चौक भरला. माझी पहिल्या रांगेत जागा होती. किराणावाल्यानं पोत्यांचा काटा दुकानाबाहेर आणला.

"बूट काढू?" काटेसाहेबांनी विचारलं.

"काढा. खिसेही रिकामे करा," काटेवहिनी म्हणाली.

ते चढले. पट्टीवरचं लोखंडी माप सरकवत सरकवत नेलं, वाकून वाचलं, डोळे मिटले आणि पुन्हा वाचलं.

"एकशे सोळा किलो, चारशे ग्रॅम."

"ऐकू आलं नाही!" बाई म्हणाली.

"एकशे सोळा किलो, चारशे ग्रॅम!"

तिसऱ्यांदा मात्र ते ताठ उभे राहिले. तीस वर्षांच्या नोकरीचा आवाज असतो ना, खणखणीत, फाटकापर्यंत पोचणारा, त्या आवाजात त्यांनी सगळ्या चौकाला वजन सांगितलं. आणि सवयीनं, अगदी न कळत, हात वर करून ओरडले, "चला, पुढची गाडी!"

मी हॉर्न वाजवला. मास्तर शपथेवर सांगतात की त्यांनी बटणाला हात लावला नव्हता.