बदकं पलीकडे सरकतील

मी अहवाल बोलतोय. लगेच जांभई देऊ नका हो! तीनशे चाळीस पानांचा आहे मी, मान्य. पण मला सांगायचीय ती एकच ओळ.

आमच्या देशाला समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या आहेत. जागा ठरली ती उथळ पाण्यातली, अगदी सरहद्दीला खेटून. हिवाळ्यात तिथं हजारो काळी बदकं येतात आणि बुड्या मारून तळाचे शिंपले खातात. चक्क्या सुरू झाल्या की ती तिथं फिरकणार नाहीत. मग जातील कुठं?

हे शोधायला पक्षी मोजणाऱ्या ताई दोन हिवाळे बोटीवर कुडकुडल्या. सरहद्द आली की बोट मागे वळायची. बदकं खुशाल पुढं जायची.

"पलीकडे सरकतील, असं लिहून टाका," ताईंचे साहेब म्हणाले.

"पण साहेब, पलीकडे काय आहे ते आपण पाहिलंय कुठं?"

"अहो, म्हणूनच तर अहवाल शेजारी देशाला पाठवतोय. ते बघतील की!"

ताईंनी नाइलाजाने लिहिलं आणि सही केली.

शेजाऱ्यांच्या कचेरीत कारकूनबाईंनी मला एका जाडजूड बाडावर आदळलं. खालून आवाज आला, "जरा हळू! मीही अहवालच आहे." त्यांच्याही पवनचक्क्या येणार होत्या, सरहद्दीच्या त्या अंगाला. मी भीतभीत विचारलं, "आणि तुमची बदकं?"

"ती ना? ती तुमच्याकडे सरकतील. माझ्या एकशे बाराव्या पानावर आहे."

मग मी त्याला माझी ओळ सांगितली. दोघंही जिवाच्या आकांतानं ओरडलो. कारकूनबाईंनी माझ्यावर चहाचा कप ठेवला.

उत्तराच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी ताईंचा फोन आला. फोन माझ्या शेजारीच होता.

"आम्ही सारांश वाचला," कारकूनबाई म्हणाल्या. "हरकत नाही, असं कळवतोय."

"अहो, पण बदकांना तुमच्याकडे जागा आहे का, ते पाहिलंत?"

"ती आमच्याकडे येतील, असं तुम्हीच लिहिलंय ना, ताई? मग झालं की!"

फोनमधून पानं उलटल्याचा आवाज आला.

"हो," ताई म्हणाल्या. "लिहिलंय मीच."

तेव्हापासून आम्ही दोघं या कपाटात एकावर एक पडून आहोत. दोन्हीकडे खांब ठोकायला घेतलेत म्हणे. मला स्वतःचं पानसुद्धा उलटता येत नाही; फार लाचार वाटतं. तुमच्यापैकी कुणी या कचेरीत आलंच, तर आम्हाला एकदा शेजारी शेजारी उघडा हो. माझं पान दोनशे चौदा, त्याचं एकशे बारा. लवकर या. थंडी पडायला लागलीय, बदकं उत्तरेकडून निघाली असतील.