एकशे बेचाळीस बदल

तनुजाने स्क्रीनवरच्या लाल ओळीवर बोट ठेवलं आणि शेजारी उभ्या धनेशला विचारलं, "ही फाइल टाकून द्यायची? कोण म्हणतं?"

"मशीन म्हणतंय, मॅडम. मी कोण?" धनेश हसला. "बाकीच्या फाइलींत वीस-पंचवीस बदल, हिच्यात एकशे बेचाळीस. जी इतकी चिवडलेली असते तिच्यातच पुढे बिघाड निघतो. गाडीच्या ब्रेकचं काम, नवं मॉडेल. रिस्क कशाला? नव्याने लिहून घेऊ. जेवणाआधी तुमची सही द्या."

गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या चिंचवडच्या त्या ऑफिसात हे मोजमाप नुकतंच आलं होतं. फाइलच्या ओळी किती, अटी किती, ती किती वेळा बदलली, हे मोजून बिघाड कुठे होईल ते आधीच सांगायचं. बहुतेक वेळा खरंही निघायचं.

फाइल धम्मरत्नची होती. तो दापोडीचा. दोन वर्षांपूर्वी चाकणच्या कंपनीत गेला. ही फाइल गेली की इथे त्याचं काहीच उरणार नव्हतं.

"आधी सगळे बदल वाचते," तनुजा म्हणाली.

"सगळे? अहो, डबा राहील."

"राहू दे."

पहिले अकरा बदल कामाचे होते. बाराव्यात फक्त टिपणातला, म्हणजे मशीन वाचतच नाही अशा ओळीतला, एक शब्द पुढे सरकवला होता. तेराव्यात तो परत मागे आणला होता. मग एक रिकामी ओळ घातली, दुसऱ्या दिवशी काढली. तनुजा खाली खाली जात राहिली. ब्रेकच्या कामात नियम होता, एक अक्षर बदललं तरी दुसऱ्याने शेजारी बसून ते बघायचं आणि आपलं नाव टाकायचं. प्रत्येक बदलापुढे एकच नाव होतं. तिचं.

तेव्हा चारच्या सुमाराला धम्मरत्न खुर्ची ओढत यायचा.

"दोन मिनिटं बघता का?"

"एवढ्यासाठी आलास? सगळे एकदम आण ना."

"एकदम आणले की चूक राहते," तो गंभीरपणे म्हणायचा.

मग ती त्याला आपल्या गावाचं, रावेतचं सांगायची. आता जिथे बारा मजले आहेत तिथे त्यांचा हरभरा कसा असायचा, ते. तो ऐकत बसायचा. अर्धा तास जायचा. घरी तिने 'ऑफिसातला एक जण' म्हणून त्याचा विषय दोन-तीनदा काढला होता. नाव मात्र कधी घेतलं नव्हतं.

मार्चमध्ये सलग एकोणीस दिवस एकही बदल नव्हता. तिने तारखा पुन्हा बघितल्या. तेव्हा ती काविळीने घरी होती. विसाव्या दिवशी, एकाच दुपारी, तीन बदल होते.

शेवटचा बदल चोवीस नोव्हेंबरचा. त्या दिवशी तिने साखरपुड्याचे पेढे आणले होते. त्याने पेढा घेतला, कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "चांगली माणसं आहेत ना?" त्या बदलात त्याने सरकवलेले सगळे शब्द जिथल्या तिथे ठेवले होते. नंतर फाइल कोणी उघडलीच नव्हती.

तनुजाने मंगळसूत्र ओढणीच्या आत सारलं आणि ती पाणी प्यायली.

धनेश हात पुसत आला. "काय ठरलं मॅडम?"

"फाइल राहू दे. कामाचे बदल अकराच आहेत. बाकीच्या बदलांनी काही बिघडलेलं नाही."

त्याने वाकून चार-पाच बदल उघडले. "खरंच की. नुसतं इकडचं तिकडे." तो सरळ झाला. "मग एवढ्या वेळा उघडली कशाला भावाने?"

"तेवढंच विचारायचं राहिलं," तनुजा म्हणाली, आणि तिने सही केली.