एका तबकातली एकवीस घड्याळं

ह्यांचा हात थरथरायचा थांबला, त्या दिवशी मी शेजारणीच्या दारात जाऊन रडले. रडण्यासारखंच होतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. चिमट्यातून स्क्रू उडायचे आणि ते शोधत मी कपाटाखाली सरपटायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूत एक रस कमी पडतोय, म्हणून हात हुकूम ऐकत नाही. त्यांनी गोळी दिली, पुढे ती वाढवली, आणि हात ऐकायला लागला.

मग घरातला मिक्सर उघडला गेला.

"आवाज करत होता," हे म्हणाले. करत नव्हता. त्यानंतर इस्त्री, मग मोरीतला नळ, मग माझं शिवणयंत्र. सगळं उघडायचं, सुटे भाग रांगेत मांडायचे, रांग मोडायची, पुन्हा मांडायची. जोडायचं नाव नाही. मी हसले. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. आणि खोटं कशाला बोलू, मजाही यायची. जन्माचा घुम्या माणूस शीळ वाजवत होता, मला हाका मारमारून चाकं दाखवत होता.

हळूहळू हाका बंद झाल्या. जेवायला बोलावलं की "आलोच" म्हणायचे आणि ते 'आलोच' संध्याकाळपर्यंत पुरायचं. एका दुपारी कढईतलं तेल माझ्या मनगटावर उडालं. मी ओरडले. हे दोन हातांच्या अंतरावर बसले होते, मान वर केली नाही. नळाखाली हात धरावा तर नळाचे तुकडे यांच्याच पुढ्यात. बादलीत हात बुडवून मी उभी राहिले आणि मला पहिल्यांदा या माणसाची भीती वाटली.

दुकानात यांचा एक नियम होता. उघडलेल्या घड्याळाचे सगळे भाग एका डबीत, डबीवर गिऱ्हाइकाची चिठ्ठी, आणि पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. तीस वर्षं त्या चिठ्ठ्या मीच लिहीत आले. एका सोमवारी जेवण घेऊन गेले, तर दार आतून लावलेलं. बराच वेळ ठोठावल्यावर उघडलं.

टेबलावर एकच मोठं तबक, आणि त्यात एकवीस घड्याळांची चाकं, काटे, स्प्रिंगा, सगळं एकत्र. चिठ्ठ्या बाजूला नीट गठ्ठा करून ठेवलेल्या.

"अहो, हे आता वेगळं कसं करणार?"

"बघ तरी," हे म्हणाले. "किती सुंदर दिसतंय."

माझं डोकं फिरलं. "उद्या तपासणी आहे. मी सगळं सांगणार."

तेव्हा यांनी मान वर केली. "नको सांगूस. डॉक्टरीणबाई गोळी कमी करतील. हात गेला तर मी कोण उरलो?"

मी बरं म्हटलं. खरं म्हटलं की खोटं, माझं मलाच कळलं नाही. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली होती, आणि ती भीक मीच हात जोडून मागितली होती.

डॉक्टरीणबाईंनी बोट नाकाला लावायला सांगितलं. बोट सरळ नाकावर. त्या खूश झाल्या. "एखादी गोष्ट सारखी करावीशी वाटते, थांबता येत नाही, असं काही होतं का?"

"छे," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. महिन्याभरात असं बघितलं नव्हतं. मी विरघळलेच होते. पण यांच्या मांडीवर खिशातलं पेन केव्हाच उघडलेलं होतं आणि त्याची स्प्रिंग हे एका बोटावरून दुसऱ्या बोटावर घेत होते. मी तोंड उघडलं आणि मिक्सरपासून तबकापर्यंत सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकलं. हात चालवणारा रसच मेंदूत माणसाला ओढही लावतो, म्हणाल्या. गोळीने हात सुधारतो, पण कुणाकुणाची ओढ सुसाट सुटते. यात यांचा दोष नाही, त्या म्हणाल्या, मीच तुम्हाला आधी बजावून सांगायला हवं होतं. गोळी कमी करू, थरथर थोडी परत येईल.

"थोडी म्हणजे किती?" यांनी विचारलं.

"बघू या."

पंधरा दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. ओढ गेली, शीळ गेली आणि थरथर आली. थोडी नव्हे, चांगलीच आली. दुकान बंद होतं. तबक आम्ही घरी आणलं होतं. मी भिंग लावून चाकं निवडायची, हे जवळ बसून हात मांडीखाली दाबून ठेवायचे.

"मी खूश होतो," एका सकाळी हे म्हणाले. "इतका खूश आयुष्यात कधी नव्हतो."

मला ते झोंबलं. "ते तुम्ही नव्हता. ती गोळी होती."

"आणि आत्ताचा हा? हा मी आहे, की गोळी कमी पडलेला माणूस आहे?"

मी भिंग खाली ठेवलं.

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "पण हा मला काहीतरी विचारतोय. त्याने कधी विचारलं नाही."

यांनी मांडीखालचा हात काढून तबकाच्या कडेवर ठेवला.

"मला तो आवडायचा गं."

"मलाही," मी म्हणाले. "पहिले तीन आठवडे."