निषेधपत्रातलं एक वाक्य

नगरपालिकेकडून आलेला मसुदा हद्दू बुल्हारने दोनदा वाचला. तिसऱ्या वेळी त्याचं बोट एका वाक्यावर थांबलं. ‘या तरुणाचे विचार ओळखून मशिदीने त्याला मार्च महिन्यातच आपल्या अभ्यासवर्गातून दूर केले होते.’

वाक्य खरं होतं, आणि भानगड तीच होती. ही गोष्ट नगरपालिकेला कळायचं काही कारणच नव्हतं.

मंगळवारी, भर बाजाराच्या वेळी, एल्डरवेन या डच गावाच्या चौकात बावीस वर्षांच्या इस्सामने सुरा काढला होता. ट्रुस नावाची फुलवाली गेली. तिला वाचवायला धावलेला एक पोस्टमन गेला. पोलिसांनी इस्सामला तिथेच, माशांच्या गाडीशेजारी, गोळी घातली. आता शनिवारी अकरा वाजता त्याच चौकात मशिदीच्या वतीने निषेध वाचायचा होता. इमाम सी अल्लालचं डच बाजारहाटापुरतं, म्हणून वाचायचं काम अध्यक्षाकडे आलं होतं. अध्यक्ष म्हणजे हद्दू. वय त्रेसष्ट. दूध-भुकटीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेला, मोजकं बोलणारा माणूस.

मार्चमधली ती संध्याकाळ त्याला लख्ख आठवत होती. वर्ग संपल्यावर इस्सामने इमामाला तोंडावर भित्रा म्हटलं होतं. असल्या देशात निमूट राहणारे सगळेच बाटलेले आहेत, त्यांच्यावरही वेळ येईल, असं काहीबाही तो बोलला होता. हद्दूने त्याला दंडाला धरून चपलांच्या फळ्यांपर्यंत नेलं आणि पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणून सांगितलं. खोलीत तेव्हा चारच माणसं होती. इमाम, हद्दू, त्याचा जुना सोबती मीमून आणि युनुस. ‘पोराच्या आईचा विचार करा,’ असं हद्दूच म्हणाला होता, ‘ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही.’ सगळ्यांनी माना हलवल्या होत्या.

मग बाहेर गेली कशी?

इमामाचं नाव त्याने सोडून दिलं. तो नगरपालिकेच्या इमारतीसमोरून जातानाही रस्ता बदलायचा. मीमूनचा विचार हद्दूच्या मनाला शिवलाही नाही. मायदेशी, नादोरच्या डोंगरातल्या एकाच वस्तीवर दोघांनी शेळ्या राखल्या होत्या आणि एकाच वर्षी ते इथे आले होते. राहिला युनुस.

युनुसचं जन्मनाव येले. शाळेत गणित शिकवायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याने कलमा पढला आणि तेव्हापासून त्याची एकही जुम्म्याची नमाज चुकली नव्हती. आता हद्दूला तेही खटकायला लागलं. इतका नेम कशाला? शिवाय युनुसच्या खिशात कायम एक निळी वही असायची. नवा अरबी शब्द कानावर पडला की टिपून घ्यायचा. शब्दच टिपत होता ना? त्याचा मेहुणा नगरपालिकेत कारकून होता. दुसऱ्या एका गावात प्रशासनाने माणूस पेरून मशिदीची माहिती काढल्याचं बोललं जात होतं. तो माणूसही म्हणे युनुससारखाच सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालायचा.

“तुम्ही चहा गार करताय,” फादमा म्हणाली. ती त्याची बायको. “काय लिहिलंय त्या कागदात एवढं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणता आणि खिडकीचा पडदाही ओढून घेता.”

समोरच्या घरातली बाई कुंड्यांना पाणी घालत होती. मंगळवारपासून तिच्या कुंड्यांना फारच पाणी लागायला लागलं होतं. रस्त्याच्या टोकाला पोलिसांची गाडी उभी होती. ती आपल्या रक्षणाला आहे की आपल्यावर नजर ठेवायला, यावर मशिदीत दोन तट पडले होते.

गुरुवारी दुपारची नमाज झाल्यावर हद्दूने युनुसला थांबवून घेतलं. मीमून कोपऱ्यात चहाचे पेले विसळत होता. हद्दूने मसुदा पुढे केला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं.

युनुसने वाचलं. “बरं आहे की हे. आपण गप्प बसलो नव्हतो हे लोकांना कळेल.”

“मार्चची गोष्ट त्यांना कशी कळली?”

“मला काय ठाऊक?”

“तुझा मेहुणा तिथे आहे.”

“तो जन्म-मृत्यूच्या नोंदी करतो, हद्दूकाका.” युनुस हसला, पण समोरचा हसत नाही हे बघून थांबला. “तुम्ही मला काय विचारताय नेमकं?”

“ती वही दाखव.”

युनुसने वही काढली, पण दिली नाही. “या वहीत माझ्या चुका आहेत. कुठला शब्द मी कसा चुकीचा म्हणतो ते मी लिहून ठेवतो. हवी तर बघा. पण तुम्ही ती हातात घेतलीत तर मी इथे परत येणार नाही.”

हद्दूने वही घेतली.

पानंच्या पानं शब्दांची होती. शाळकरी अक्षरात, पुढे उच्चार, काही ठिकाणी स्वतःलाच घातलेल्या शिव्या. मार्चच्या पानावर नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना म्हणायची एक दुआ होती. बस. हद्दूने वही मिटली. त्याच्या मनाने मात्र लगेच दुसरी वाट काढली. हुशार माणूस अशा गोष्टी वहीत लिहील कशाला?

“नऊ वर्षं,” युनुस बूट घालताना म्हणाला. “माझी आई म्हणते तू त्यांचा झालास. आणि तुम्ही म्हणता मी त्यांचा आहे. मला एकदा दोघांनी बसून ठरवून सांगा.”

तो गेला. मीमून पेले पुसतच राहिला. एक पेला त्याने चारदा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून जुम्म्याला वेळ होता, मीमून हद्दूच्या दारात उभा. नेहमी तो थेट स्वयंपाकघरात शिरायचा. आज टोपी हातात धरून बाहेरच थांबला.

“आत ये की.”

“युनुस नाही तो,” मीमून म्हणाला. “मी आहे.”

हद्दूला आधी समजलंच नाही.

“मार्चमध्ये मी पोलीस चौकीत गेलो होतो. आपल्या भागाचा तो उंच पोलीस आहे ना, त्याला सांगितलं. इस्साम काय बोलला ते सगळं.”

“तू?”

“मी.”

“आपलं ठरलं होतं, मीमून.”

“तू ठरवलंस. मी मान हलवली.” मीमूनचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. “तू त्याला बाहेर काढलंस आणि दार लावून घेतलंस. तुझ्यापुरतं संपलं. तो माझ्या वरच्या मजल्यावर राहतो, हद्दू. राहत होता. मला त्याची पावलं ऐकू यायची. रात्रंदिवस येरझारा. मला भीती वाटली. कुणाला तरी सांगायला नको?”

“मला सांगायचंस.”

“तू म्हणाला असतास, त्याच्या आईचा विचार कर.”

हद्दू दाराच्या चौकटीला टेकला. मग त्याच्या डोक्यात हळूच दुसरी गोष्ट शिरली. “म्हणजे मार्चपासून त्यांना माहीत होतं?”

“मार्चच्या सतरा तारखेपासून. त्याने लिहून घेतलं. म्हणाला, बघतो. पुन्हा कुणी काही विचारलं नाही.” मीमूनने टोपी चुरगळली. “एक मागतो तुझ्याकडे. माझं नाव घेऊ नकोस. इस्सामची आई रोज माझ्या दारावरून जिना चढते. आपले लोक मला खबऱ्या म्हणतील. मी त्या पोराला वाचवायला गेलो होतो असं कुणीही म्हणणार नाही.”

त्याच दुपारी हद्दू नगरपालिकेत गेला. सलोख्याचं खातं सांभाळणारी रेन्स्के नावाची बाई होती. मसुदा तिनेच लिहिला होता. तिने कॉफी दिली, खुर्ची दिली, आणि त्याने वाक्यावर बोट ठेवताच तिचा चेहरा मिटल्यासारखा झाला.

“हे तुमच्याच भल्याचं वाक्य आहे, बुल्हार साहेब.”

“मग त्याच्यापुढे आणखी एक वाक्य घाला. मशिदीतल्या माणसाने हे पोलिसांना कळवलं होतं.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“खरं आहे की नाही?”

“चौकशी चालू आहे. त्यावर मला बोलता येणार नाही.” तिने पेन उचललं, ठेवलं. “तुम्ही स्वतः का नाही कळवलंत?”

हद्दूने मसुद्याची घडी करून खिशात घातली. ती वाट बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत त्याला तीच नजर दिसली जी काल त्याने युनुसवर रोखली होती.

जिना उतरताना त्याला त्या वाक्याचा खरा अर्थ उलगडला. मशिदीने पोराला काढलं, मग तो कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही, बिचारं प्रशासन तरी काय करणार. वाक्य जितकं मशिदीच्या भल्याचं होतं, तितकंच लिहिणाऱ्यांच्याही. की आपल्यालाच आता सगळीकडे डाव दिसायला लागलेत? हेही त्याला सांगता येईना.

शनिवारी चौक भरला होता. फुलांच्या दुकानापुढे लोकांनी पुष्पगुच्छ आणि मेणबत्त्या ठेवल्या होत्या. मशिदीची वीसेक माणसं एका बाजूला दाटीने उभी होती, त्यांत खाली मान घातलेला मीमून. युनुस पार मागे, डच गर्दीत एकटा. ट्रुसचा नवरा हार्म पुढच्या रांगेत होता. कामाचा कोट घालूनच आला होता.

नगरपालिकेचा कागद हद्दूने खिशातच ठेवला. फादमाच्या स्वयंपाकघरात बसून स्वतः लिहिलेला कागद त्याने उघडला. वाचताना शब्द अडले नाहीत. “जे झालं ते खून आहे. त्याला दुसरं नाव नाही. जो आमच्या धर्माचं नाव घेऊन हे करतो तो आमच्या धर्माविरुद्ध करतो. निरपराध माणसाला मारणं आमच्यात हराम आहे, आणि याला पण-परंतु नाही. ट्रुस माझ्या मुलीच्या लग्नाची फुलं देणारी बाई होती.”

कुणीतरी पुटपुटलं, “यांना कागदावरून वाचावं लागतं.”

हद्दूने ते ऐकलं. त्याने कागद खाली केला.

“मार्चमध्ये मी इस्सामला मशिदीतून बाहेर काढलं. तो काय बोलला होता ते मला माहीत होतं. मी पोलिसांकडे गेलो नाही. ती चूक माझी आहे.”

रेन्स्के महापौराच्या शेजारी ताठ उभी होती. मग हार्मने विचारलं, ओरडून नाही, नुसतं विचारलं. “आणखी कुणाला माहीत होतं?”

एका वाक्यात मशीद मोकळी झाली असती. आम्ही सांगितलं होतं, यांनी ऐकलं नाही. हद्दूने मशिदीच्या माणसांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांनी त्या दिशेला बघितलं असतं.

“मी माझ्यापुरतं सांगतो,” तो म्हणाला.

“म्हणजे लपवताय,” हार्म म्हणाला, आणि पाठ फिरवून निघून गेला.

सोमवारच्या वर्तमानपत्रात पहिल्याच पानावर होतं, ‘मशिदीच्या अध्यक्षाला ठाऊक होतं.’ पोलिसांनी त्याला तीनदा बोलावलं. त्याने अध्यक्षपद सोडलं. मशिदीतले अर्धे म्हणाले, कबुली द्यायची काय गरज होती. उरलेले म्हणाले, एवढंच कबूल केलं म्हणजे आत आणखी काही असणार.

युनुसच्या घरी तो माफी मागायला गेला. युनुसने दारातच ऐकून घेतलं. “माफ केलं,” तो म्हणाला, आणि ते खरं वाटलं. “पण मी आता पलीकडच्या गावात जातो नमाजाला. तिथे मला कुणी ओळखत नाही. तेवढंच बरं पडतं.”

ऑक्टोबरमध्ये चौकशीचा अहवाल आला. त्यात एक ओळ होती, की मार्चमध्ये एका नागरिकाकडून सूचना मिळाली होती व ती पुढे पाठवली गेली नाही. वर्तमानपत्राने ती सातव्या पानावर छापली. बाहेर तिची फार चर्चा झाली नाही. मशिदीत मात्र दुसरं काही बोललंच जाईना. हा नागरिक कोण?

“युनुसच,” एकजण म्हणाला. “म्हणून तर पळाला.”

“युनुस नाही,” हद्दू म्हणाला.

“एवढं ठामपणे सांगतोस म्हणजे कोण आहे ते तुला माहीत आहे.”

हद्दू चपला शोधायला उठला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच येऊन ठरल्या. चौकात ‘पोलिसांकडे गेलो नाही’ म्हणाला, पण ते नाटक असणार. नगरपालिकेच्या जिन्यावरून उतरताना याला पाहिलंय. आठवड्याभरात हे पक्कंच झालं. त्याच्या शेजारी सतरंजीवर एक जागा मोकळी राहायला लागली. त्याने खुलासा केला नाही. मीमूननेही केला नाही. दोघं भेटले की गुडघ्यांच्या दुखण्यावर बोलायचे.

नोव्हेंबरात एकदा तो मीमूनकडे निघाला असताना जिन्यावर इस्सामची आई, तमीमुंत, वर जाताना भेटली. हातात भाजीची पिशवी. त्या मंगळवारनंतरच्या महिन्यांत ती जवळजवळ कुणाशीच बोलली नव्हती. तिने वाट अडवली.

“लोक म्हणतात पोलिसांना तू सांगितलंस. मार्चमध्ये.”

जिन्यात वरच्या दिव्याची घरघर होत होती. मीमूनचं दार चार पायऱ्यांवर होतं.

“हो,” हद्दू म्हणाला.

त्याने शिवीची वाट बघितली. ती त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली, तो खरं बोलतोय की नाही हे शोधल्यासारखी.

“मग त्यांनी त्याला उचललं का नाही?” ती म्हणाली. “उचललं असतं तर आज तुरुंगात असता. मी दर रविवारी भाकरी घेऊन गेले असते.”

पिशवी सावरत ती वर गेली. तिचं दार लागेपर्यंत हद्दू तिथेच उभा राहिला. मग चार पायऱ्या चढून त्याने मीमूनचं दार वाजवलं.

मीमूनने फटीतून आधी त्याच्या खांद्यामागे बघितलं, कुणी आहे का ते. नंतर त्याच्याकडे.

“काय झालं?”

“आत घे,” हद्दू म्हणाला. “पोलिसांना सांगणारा मीच असं समजून तमीमुंतने मला एक सांगितलंय. मला वाटतं ते तुझं आहे.”