दुसऱ्या बाजूचा बेस

स्टुडिओतल्या मुलीने मिक्सरवरचं एकेक बटण खाली ओढलं आणि खोलीत फक्त बेस गिटारचा आवाज उरला. पत्रा कापायच्या यंत्राचा ठोका गेला, ड्रम गेले, खर्जाच्या बायकोचा तरुण आवाजही गेला. खर्ज खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. हे टोपणनाव त्याला बँडमध्ये पडलं होतं आणि लिफ्ट दुरुस्त करण्यात सव्वीस वर्षं घालवूनही ते सुटलं नव्हतं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर आपोआप चालू लागली.

"काका, हे तुम्हीच ना?"

"मीच."

"कसलं वाजवलंय! मग हे कॅसेटवर का नाही?"

"ते भोंग्याला विचार."

भोंग्या म्हणजे त्याचा मित्र. एके काळचा. तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथले ठोके, कर्कश घासण्या टेप करून आणायचा. त्यावर खर्ज बेस वाजवायचा, असा की ऐकणाऱ्याचे पाय जागेवर राहू नयेत. खर्जाची बायको गायची. मग भोंग्या मिक्सरवर बसून ते तयार गाणं कांद्यासारखं सोलायचा: एक वाद्य गायब करायचं, दुसऱ्याला प्रतिध्वनी लावून लांब सोडायचं, पुन्हा सगळ्यांना एकदम आत घ्यायचं. या सगळ्या उचापतीत गाणं उभं राहायचं ते बेसच्या जिवावर.

'दुसरी पाळी' ही त्यांची एकुलती एक कॅसेट. ती निघाली त्या दिवशी खर्जाने घरी लावली, उलटली आणि दुसऱ्या बाजूला त्याचा बेसच नव्हता. चार गाणी, एक सूर नाही.

"मला तसं बरं वाटलं," एवढंच भोंग्या म्हणाला होता. खर्जाने त्याचा पार उद्धार केला, बँड सोडला, ठरलेला सहा महिन्यांचा दौराही सोडला. कॅसेटचेही बारा वाजले. पहिली बाजू झकास आणि दुसरी कमरेत मोडलेली, असं ज्या थोड्यांनी ऐकली ते म्हणाले आणि विसरून गेले.

आता एका छोट्या कंपनीला ती कुठूनशी सापडली होती. जुन्या टेपवरून ती नव्याने काढायची होती आणि त्यासाठी तिघांच्या सह्या हव्या होत्या. भोंग्याची पोस्टाने आली होती. बायको बाहेरच्या खोलीत बसली होती.

"अजून एक रीळ आहे," मुलगी म्हणाली. तिने आवाज उगाचच खाली आणला. "त्यांनी मिक्सिंग केलं तेव्हाचं."

खर्जाला हसू आलं. भोंग्याची ती खोडच होती. खोलीतला माइक तो कधी बंद करायचा नाही. न जाणो, एखादा खोकला, एखादी पडलेली पक्कड पुढच्या गाण्याला उपयोगी पडायची.

"मी ऐकलंय ते," मुलगी म्हणाली. "तुम्ही ऐकायचं का, ते तुम्ही बघा."

"लाव."

आधी खरखर, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग एक तान्हं पोर कुरकुरलं. त्याचीच लेक असणार. मग बायको.

"ही बाजू सगळी काढ. बेस नकोच."

"वेडी आहेस का? काही उरणार नाही."

"न उरू दे. ऐकलं की तो डोक्यात राख घालून निघून जाईल. मी ओळखते त्याला. मग दौरा नाही, काही नाही."

"अगं, नको जाऊस म्हणून सरळ सांग ना त्याला."

"सांगितलं तर थांबेल आणि जन्मभर मला ऐकवेल. त्यापेक्षा तुला ऐकवू दे."

पोर पुन्हा कुरकुरलं. मग भोंग्या म्हणाला, "बरं." गाणं सुरू झालं, चार ठोक्यांनंतर बेस आत आला आणि मधूनच तुटला.

मुलीने टेप थांबवली.

भोंग्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळे म्हणायचे. या बाबतीत त्याने सव्वीस वर्षांत ब्र काढला नव्हता. आणि ती! "जाऊ दे रे, असतात अशी माणसं," असं म्हणत तिने कितीदा त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. सांगितलं असतं तर तो थांबला असता का, हे त्याला आता कधीच कळणार नव्हतं. जवळच्या दोन माणसांनी केसाने गळा कापला होता आणि एकालाच त्याने शिव्या दिल्या होत्या.

"बेस परत घालायचा ना?" मुलीने विचारलं.

"घाल." त्याने रिळाकडे बोट केलं. "आणि हे बोलणं दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला ठेव. जसंच्या तसं."

"काका, लोक ऐकतील."

"ऐकण्यासाठीच काढताय ना?"

हे बोलणं दुसऱ्या बाजूला ठेवायचं, अशी ओळ मुलीने करारावर लिहिली. पेन खाली ठेवताना ती म्हणाली, "काकूंना आधी ऐकवूया ना एकदा."

"कॅसेट आल्यावर ऐकेल. मीही तेव्हाच ऐकलं होतं."

दार ढकलून बायको आत आली. चष्मा केसांत खोचलेला, पिशवी खांद्याला.

"झालं का रे? बेस मिळाला?"

"मिळाला. सगळा."

तिचा चेहरा उजळला. अगदी खरा उजळला, त्यात काही खोट नव्हती. "बरं झालं बाई. मला नेहमी वाटायचं, तो कधीतरी लोकांनी ऐकावा."

खर्जाने कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो नुसताच वरखाली पाहिला.

"बारीक अक्षर आहे. तू वाचलंयस ना?"

"वाचलंय."

"मग झालं तर. कुठे करू?"

त्याने जागेवर बोट ठेवलं. तिने चष्मा खाली घेतलाच नाही.